शेकरीण आणि रात्र जागवणारे पिल्लू

डोंगराच्या माथ्यावर, जिथे भर दुपारीही उन्हाला जमिनीपर्यंत वाट सापडत नाही, अशा एका जंगलात एक शेकरीण राहत असे. मुलांनो, शेकरू म्हणजे खारच; पण आपल्या अंगणातल्या खारीपेक्षा कितीतरी मोठी. पाठ तांबूस, पोट पिवळसर आणि शेपूट अंगाहूनही लांब. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. त्याचे खाणे झाडावर, झोपणे झाडावर, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जायचे ते झेप घेऊन. आपली ही शेकरीण झेप घेण्यात साऱ्या जंगलात पहिली होती. हट्टीही तेवढीच होती. वानरे आपसात म्हणत, "फांदी तुटेल, वेल तुटेल, पण शेकरिणीचा हट्ट तुटायचा नाही."

ओढ्याकाठच्या एका जांभळीवर, अगदी शेंड्याच्या बारीक फांद्यांत तिने काटक्यापानांचे गोल घरटे बांधले आणि त्यात तिला एक पिल्लू झाले. शेकरांमध्ये पिल्लू वाढवायचे ते आईनेच. बाप आपल्या वाटेने निघून जातो. शेकरिणीला त्याचे काही वाटले नाही. एवढ्याशा गोळ्याकडे पाहून ती म्हणाली, "एक तर पिल्लू आहे. त्याला दूध पाजायचं, ऊब द्यायची आणि झोपवायचं. त्यात काय मोठंसं?"

दूध पाजणे तिला जमले. ऊब देणेही जमले. झोपवणे मात्र जमेना.

शेकरे दिवसा हिंडतात आणि रात्री झोपतात. पण ही गोष्ट पिल्लाला कोणी सांगितलेली नव्हती. दिवसभर ते लोण्याच्या गोळ्यासारखे निपचित पडून राही. वारा सुटो, वानरे ओरडोत, त्याच्या कानाची पाळीसुद्धा हलत नसे. अंधार पडला आणि आईचे डोळे मिटू लागले, की ते चुळबुळू लागे, मग कुरकुरे, मग गळा काढून रडे. तिने उठावे, चाटावे, पाजावे, पोटाशी घ्यावे. ते झोपले असे वाटून तिने शेपटी अंगावर ओढावी, तोच पुन्हा "चीं! चीं!" सुरू.

बरे, त्यातही काही नेम असता तर तिने सहन केले असते. नेम मुळीच नव्हता. एका रात्री ते पहाटेपर्यंत जागवी, तर दुसऱ्या रात्री दोनदाच उठे. मग एक रात्र अशी आली, की ते संध्याकाळी झोपले ते थेट उजाडल्यावरच उठले. शेकरीण आनंदाने फांदीवर नाचली. "काल मी काय बरं केलं होतं?" ती आठवू लागली. काल तिने उंबरे खाल्ली होती. घरट्यात पिसा नावाच्या झाडाची कोवळी पाने अंथरली होती. झोपताना तोंड ओढ्याच्या बाजूला केले होते. त्या संध्याकाळी तिने पुन्हा उंबरे खाल्ली, पुन्हा पिसाची पाने अंथरली, पुन्हा ओढ्याकडे तोंड करून झोपली. आणि त्या रात्री पिल्लाने डोळ्याला डोळा लागू दिला नाही.

सकाळी तिच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहून एक रानकावळा शेजारच्या फांदीवर येऊन बसला. दुसऱ्याच्या घरात काय चुकते हे सांगितल्याशिवाय त्याला अन्न पचत नसे.

"तुझंच चुकतंय, ताई," कावळा म्हणाला. "आमच्याकडे सूर्य बुडाला की चोची बंद. शिस्त लागते, शिस्त! ते रडल्याबरोबर तू धावतेस, म्हणून ते रडतं. रडू दे एक रात्र. थकेल आणि झोपेल."

"तेही करून बघते," शेकरीण म्हणाली.

त्या रात्री पिल्लू रडू लागले तेव्हा ती घरट्यातून बाहेर निघाली आणि फांदीच्या टोकाला, पाठ फिरवून बसली. पिल्लू रडत राहिले. तिचे काळीज पिळवटत होते, पण ती हलली नाही. पिल्लू थकले नाही. सारे जंगल मात्र जागे झाले. वानरे खेकसू लागली, घुबड उडून गेले, आणि खाली घळीच्या काळोखात आणखी कोणीतरी कान टवकारले. ते होते एक उदमांजर. अंगाने मांजरापेक्षा थोराड, झाडावर चढण्यात पटाईत आणि रात्रीचा शिकारी. "वर कुठंतरी कोवळं पिल्लू आहे," असे मनाशी म्हणत ते झाडाझाडाच्या बुंध्याला नाक लावत फिरू लागले.

शेकरिणीला हे ठाऊक नव्हते. अखेर तिच्याने राहवेना. ती आत धावली, पिल्लाला पोटाशी घेतले आणि म्हणाली, "कावळ्याची शिस्त कावळ्याला लखलाभ."

दुसऱ्या दिवशी म्हातारी वानरी भेटली. तिने आजवर जंगलातल्या प्रत्येकाला खायचाच सल्ला दिला होता. "अगं, पोट भरत नसेल त्याचं," वानरी म्हणाली. "आमच्यात म्हण आहे, भरल्या पोटाला काळजी नाही. झोपायच्या आधी गळ्याशी येईस्तोवर पाज. बघ कसं ढाराढूर झोपतं ते!"

शेकरिणीने तसे केले. पिल्लाने तिच्या अंगावरच सगळे दूध ओकून टाकले, आणि पोट दुखते म्हणून रात्रभर तळमळले.

आता शेकरिणीचा हट्ट पेटला. "बघू या कोण जिंकतं!" ती म्हणाली. "झोप लागते आणि मग मोडते, म्हणून तर त्रास होतो. मी झोपणारच नाही! मग मोडायला उरेल काय?" त्या दिवसापासून ती रात्रभर टक्क डोळ्यांनी पिल्लाजवळ बसू लागली. पिल्लू जरा हलले, की उचल. नुसता उसासा टाकला, तरी उचल. दिवसा पिल्लू झोपे, तेव्हा तरी तिने पाठ टेकावी की नाही? पण दिवसा तिला कामे असत. घरट्याची एकही काटकी वाकडी तिला खपत नसे. रोज जुनी पाने काढायची, नवी आणायची, उगाचच घरट्याचे तोंड लिंपल्यासारखे गुळगुळीत करायचे. "आई झाली म्हणून घर पसरलं, असं कोणी म्हणता कामा नये," असे ती स्वतःलाच बजावी.

असे बरेच दिवस गेले. न झोपणारे शरीर कुणाचेही ऐकत नाही, मुलांनो. शेकरीण फळ समजून झाडाची गाठ कुरतडू लागली. काटकी आणायला जाई आणि कशाला आलो तेच विसरे. हातातली पाने खाली पडत आणि ती रिकाम्या हातांनी घरटे विणत बसे. साध्या बोलण्यावर वानरांच्या अंगावर धावून जाई. एका रात्री तर फारच झाले. पिल्लू पुन्हा पुन्हा उठत होते. तिने ते चाटले, पाजले, कुरवाळले. ते पुन्हा रडले. तेव्हा ती एकदम त्याच्यावर ओरडली, "झोप ना रे मेल्या एकदाचा! का छळतोस मला?"

पिल्लू दचकून गप्प झाले. नुकतेच उघडलेले दोन काळे डोळे विस्फारून ते आईकडे पाहू लागले. ते काही छळत नव्हते. ते पिल्लू होते, एवढेच. शेकरिणीला स्वतःचीच लाज वाटली. तिने त्याचे अंग चाटले, पुन्हा पुन्हा चाटले, आणि ती हुंदके देऊन रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "नाही. मी हरणार नाही. पण आता काय करू, तेही मला कळत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळीच्या बुंध्याशी तिला एक उग्र वास आला. तो उदमांजराचा होता. सालीवर ओरखडेही होते. रात्री ते अर्ध्या खोडापर्यंत चढून गेले होते. शेकरिणीच्या अंगावरचे केस ताठ उभे राहिले. या झाडावर आता राहून चालणार नव्हते. ओढ्याच्या पलीकडे एक जुना हिरडा होता. त्याचे खोड सरळ आणि गुळगुळीत होते, आणि शेंडा दाट. तिथे घरटे बांधले तर उदमांजराला सहज चढता येणार नव्हते. ओढा मात्र खोल घळीतून वाहत होता. मधले अंतर मोठे. एका झेपेत जेमतेम पार होईल एवढे. पूर्वी ती ते हसत हसत पार करी.

तिने दिवसभर पलीकडे काटक्या नेल्या. जाताना झेप, येताना झेप. दुपार कलली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पाने दोन-दोन दिसू लागली होती. "अजून एकच फेरी," ती म्हणाली आणि उडाली. मध्येच, हवेत असतानाच, तिच्या डोळ्यांवर क्षणभर झापड आली.

डोळे उघडले तेव्हा फांदी निसटून गेली होती. ती खाली कोसळत होती. पाने, काटक्या, आभाळ, सगळे गरगर फिरले. घळीतले काळे दगड झपाट्याने वर येत होते, तोच गारंबीचा एक जाड वेल तिच्या अंगावर आपटला. तिने चारही पायांनी त्याला मिठी मारली. वेल करकरला, झोके खात राहिला, पण तुटला नाही. शेकरीण जमिनीपासून हातभर उंचीवर उलटी लटकत होती.

"दगड चुकवलास, बाई," अगदी जवळून एक हलका आवाज आला.

शेकरिणीने पाहिले. आधी तिला वाळलेल्या पानांखेरीज काही दिसलेच नाही. मग त्या पानांतली काही पाने पिसांची झाली, आणि त्यांत अर्धवट मिटलेला एक मोठा डोळा दिसला. ती रातवी होती. रातवा हा रात्री हिंडणारा पक्षी. दिवसा तो जमिनीवर पाचोळ्यात असा बसतो की पाय पडेपर्यंत दिसत नाही. त्याची ही मादी दोन अंड्यांवर बसली होती.

शेकरीण वेलाला आणखी घट्ट बिलगली. "पिल्लू माझ्या तोंडात असतं तर?" ती पुटपुटली. "उद्या मी त्याला याच वाटेनं नेणार होते. ते माझ्या तोंडात असतं तर?"

"रोज रात्री ऐकते मी तुझ्या पिल्लाला," रातवी म्हणाली. "आणि तुलाही ऐकते. ते झोपलं तरी तू जागीच असतेस. का गं?"

"मी त्याची आई आहे. ते कधी उठेल त्याचा नेम नाही. मीच जागं राहायला हवं."

"त्याचा नेम नाही हे खरं. तो तुझ्या हातातही नाही. पावसानं कधी यावं, हे तू ठरवतेस का?"

"नाही."

"मग पाऊस आला तर काय करतेस?"

"घरटं दाट विणते."

"बघ. पावसाशी भांडत नाहीस, घरटं विणतेस. पिल्लाच्या झोपेशीच का भांडतेस? ते झोपेल तेव्हा झोपेल. तुला कधी झोपता येईल, तेवढं बघ."

"पण रात्री धोका असतो. उदमांजर बुंध्यापर्यंत येऊन गेलंय. डोळा लागला आणि ते आलं तर?"

रातवीने अंड्यांवर अंग सावरले. मग म्हणाली, "मी रात्रभर जागीच असते. तो माझा दिवस. रात्री अंड्यांवर आमचे हे बसतात, मी किडे टिपत हिंडते. तुझ्या जांभळीच्या खालच्या फांदीवर बसून टिपले तर माझं काय बिघडतं? उदमांजर दिसलं की ओरडेन. पिल्लू नुसतं झोपेत कुरकुरत असेल तर गप्प राहीन. खरंच रडलं, तर तू उठशीलच."

शेकरिणीची मान ताठ झाली. "आजवर मी कुणाची मदत घेतली नाही."

"म्हणून तर उलटी लटकते आहेस," रातवी शांतपणे म्हणाली. "आणि फुकट मदत कोण देतंय? दिवसा माझे डोळे उन्हानं मिटतात. मुंगूस येतं, साप येतो, मला उशिरा कळतं. मी हलले तर अंडी उघडी पडतात. तू वर असतेस. तुला लांबचं दिसतं. दिवसा तू माझी राखण कर, रात्री मी तुझी करते. बोल."

हट्टी माणसाला सगळ्यांत जड जाणारा शब्द कोणता, ठाऊक आहे? "हो." तो शेकरिणीने मोठ्या कष्टाने उच्चारला. मग वेलावरून सावकाश वर चढून ती आपल्या पिल्लाकडे गेली.

त्या संध्याकाळी अंधार पडताच रातवी आली आणि खालच्या फांदीवर, फांदीच्याच दिशेने अंग लांबवून बसली. "चुकू... चुकू... चुकू..." असा तिचा एकसुरी आवाज सुरू झाला. शेकरीण पहिल्यांदा ताठ बसून राहिली. पिल्लू हलले, तशी ती सवयीने उचलायला धावली.

"थांब," खालून आवाज आला. "कुरकुरतंय नुसतं."

शेकरीण थांबली. पिल्लाने ओठ चाटले, पाय झाडले आणि ते आपले आपणच पुन्हा झोपले. शेकरिणीला मोठे नवल वाटले. अशा किती वेळा आपणच त्याला उठवून जागे केले असेल, असे तिच्या मनात आले. थोड्या वेळाने ते खरेच रडले, तेव्हा तिने त्याला पाजले. मग शेपटी अंगावर ओढली आणि तिला केव्हा झोप लागली ते तिलाही कळले नाही.

पिल्लू काही एका रात्रीत शहाणे झाले नाही. ते पूर्वीसारखेच कधी उठे, कधी न उठे. एका रात्री तर त्याने तिला इतके जागवले, की रातवीसुद्धा म्हणाली, "शाब्बास! माझ्या जातीचा दिसतो." पण आता शेकरिणीचे भांडण संपले होते. रात्री ते झोपले की ती लगेच झोपे, घटकाभर तर घटकाभर. दुपारी पिल्लू घरट्यात निजले, की ती बाहेरच्या फांदीवर पोट टेकून, चारही पाय खाली सोडून पडे. डोळे मिटलेले, पण कान खालच्या पाचोळ्याकडे. घरट्याच्या काटक्या वाकड्या झाल्या. पाने जुनी राहिली. एका वानराने ते बोलूनही दाखवले. "असू देत वाकड्या," शेकरीण म्हणाली. "पिल्लू त्यातून पडत नाही ना?"

हिरड्यावरचे काम मात्र तिने सोडले नाही. डोळ्यांवर झापड असेल त्या दिवशी ती झेप घेत नसे. अंग ताजे असेल त्या दिवशी नेटाने काम करी. काम हळू होत होते, पण होत होते.

एकदा अशीच ती फांदीवर पडलेली असताना पाचोळा सरसरला. तिने एक डोळा उघडला. एक मुंगूस नाक खाली घालून थेट रातवीच्या दिशेने येत होते. रातवी उन्हात डोळे मिटून निश्चल बसली होती. शेकरीण ताडकन उठली आणि तिने असा काही "खर्रर्र! टक-टक-टक!" आवाज केला, की सारी घळ दणाणली. वानरे भुभुःकार करू लागली. हाताशी आलेल्या जांभळीच्या डहाळ्या तोडून तिने मुंगसाच्या डोक्यावर टाकायला सुरुवात केली. मुंगूस गोंधळले, वर बघत उभे राहिले आणि मग शेपूट फुगवून ओढ्याकडे पळाले.

"गेलं का?" रातवीने डोळे न उघडताच विचारले.

"गेलं. झोप तू," शेकरीण म्हणाली. आणि अनेक दिवसांत पहिल्यांदाच ती मनापासून हसली.

हिरड्यावरचे घरटे पुरे झाले. "उद्या उजाडलं की पिल्लाला घेऊन जाते," तिने रातवीला सांगितले. आणि नेमके त्याच रात्री उदमांजर आले.

ते आवाज न करता चढत होते. शेकरीण गाढ झोपली होती. अकस्मात "चुकू... चुकू..." थांबले आणि रातवी कर्कश ओरडली, "ऊठ! बुंध्यावर आहे!" ती फडफडत उदमांजराच्या तोंडावर झेपावली, पंखांचे फटके मारून बाजूला झाली, पुन्हा झेपावली. उदमांजर क्षणभर थबकले, गुरगुरले आणि पुन्हा चढू लागले. तेवढा क्षण पुरेसा होता. शेकरिणीने पिल्लाच्या पोटाची सैल कातडी दातांत हलकेच धरली आणि ती घरट्याबाहेर पडली.

पण जाणार कुठे? अंधारात हिरड्याची फांदी दिसत नव्हती. न दिसणाऱ्या फांदीवर झेप घेणे म्हणजे घळीतल्या दगडांवर झेप घेणे. ती जांभळीच्या सर्वांत बारीक फांदीच्या अगदी टोकाला गेली. उदमांजर मागोमाग आले. त्याने घरट्यात तोंड घातले. ते रिकामे होते. मग ते त्या बारीक फांदीवर एक पाऊल पुढे आले. फांदी कडकन वाजली. उदमांजराचे वजन तिला पेलेना. ते मागे सरले आणि फांदीच्या मुळाशी दबा धरून बसले.

"थकशील तू," ते म्हणाले. "डुलकी लागेल. मला घाई नाही."

शेकरिणीच्या तोंडात पिल्लू होते. तिने नख्या फांदीत आणखी रोवल्या. फांदी वाऱ्याने झुलत होती, तशी तीही झुलत होती. रातवी अवतीभवती घिरट्या घालत होती, आणि उदमांजर पुढे सरकले की त्याच्या कानाशी झडप घालत होती. आणि पिल्लू काय करत होते, ठाऊक आहे? ज्याने शांत रात्री रडून जंगल डोक्यावर घेतले होते, ते एवढ्या आरडाओरड्यात, आईच्या दातांत लोंबकळत, गाढ झोपले होते!

काही दिवसांपूर्वीची शेकरीण त्या फांदीवर टिकली नसती. तिची पकड कधीच सुटली असती. पण आज तिने अर्ध्याहून अधिक रात्र झोप घेतली होती. तिच्या नख्यांत जोर होता आणि डोळे स्वच्छ होते. पूर्वेकडे आभाळ राखाडी झाले. मग घळीच्या पलीकडे आधी हिरड्याचा काळा आकार दिसला, मग शेंडा, मग एक एक फांदी.

उदमांजरालाही उजाडताना दिसले. आता सावज निसटणार हे ओळखून ते फांदीची पर्वा न करता पुढे धावले. फांदी मोडली. पण ती मोडण्याआधीच तिच्या टोकावरून तांबूस अंग सुटले होते. चारही पाय पसरलेले, लांब शेपूट मागे ताणलेले, तोंडात पिल्लू. खाली खोल घळ होती. शेकरिणीने खाली पाहिले नाही.

हिरड्याची फांदी तिच्या छातीला लागली. नख्या सालीत रुतल्या. पाने सळसळली आणि स्थिर झाली. मागे धपकन आवाज झाला. उदमांजर मोडक्या फांदीसकट जांभळीच्या खालच्या फांद्यांत आपटले आणि लंगडत बुंध्यावरून उतरून गेले.

शेकरिणीने पिल्लाला नव्या घरट्यात ठेवले. त्याने एक डोळा उघडला, जांभई दिली आणि तो पुन्हा मिटला.

सकाळी रानकावळा उडत आला. "ऐकलं मी सगळं," तो म्हणाला. "एवढ्या गोंधळातही झोपलं म्हणे! मी सांगितलं नव्हतं, शिस्त लागते?"

"हो तर," शेकरीण म्हणाली आणि फांदीवर चारही पाय सोडून पडली. "आता हळू बोला, कावळेदादा. माझी झोपायची वेळ झाली." ओढ्यापलीकडे रातवी बसलेल्या पाचोळ्यावर एक कान ठेवून तिने डोळे मिटले.

तात्पर्य : जे आपल्या हातात नाही त्याच्याशी झुंजत बसू नये, जे हातात आहे ते नेटाने करावे. दुसऱ्याचा सांभाळ करणाऱ्याने आधी स्वतःचे बळ राखावे, आणि मदत मागण्यात कमीपणा मानू नये.